बर्फाच्या पात्याचा बोल्ट

काकांची मान वळेनाशी झाली आणि आमचा रस्ताच धोक्यात आला.

मानेचा आणि रस्त्याचा संबंध काय, ते आधी सांगतो. जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा शहरात परवडेल असं घर मिळेना. शेवटी कारखान्यातल्या सूचनाफलकावरच्या एका चिठ्ठीने आम्ही डोंगरात पोचलो. एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला. खाली द्राक्षांचे मळे, वर जंगल, मध्ये एकटंच घर, समोर मोठं अंगण आणि अंगणापलीकडे ट्रॅक्टरची शेड. गावाच्या डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत चारेकशे मीटरची चढाची वाट होती, तिला दोन वळणं. वाट घरमालकांच्या मालकीची, त्यामुळे तिच्यावर पडणारा बर्फही त्यांच्याच मालकीचा. गावाची बर्फ काढणारी गाडी खालच्या रस्त्यावरून दिवे लुकलुकवत निघून जायची, आमच्या वाटेकडे ढुंकूनही पाहायची नाही.

घरमालक आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मी आणि माझी बायको आपसात त्यांना काका-काकू म्हणायचो. तोंडावर मात्र तिकडच्या रीतीप्रमाणे आडनावाने. काका मला ‘हेर इंजिनिअर’ म्हणायचे, हेर म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी डायलिसिसची पाळी असायची. दुपारी बाराला टॅक्सी दारात येई आणि संध्याकाळी त्यांना परत आणून सोडी. बटाटेसुद्धा त्यांना रात्रभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच खावे लागत. अशीच एकदा बटाटे चिरताना त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, “एक खेप चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर फुप्फुसात पाणी. तिसरी चुकवून कोणी पाहिलेलं नाही.” आणि मग विचारलं होतं, की तुम्ही बटाट्यात हळद किती घालता.

तर ही टॅक्सी दारात यायची ती वाट मोकळी असली तरच. गेली कित्येक वर्षं काका ट्रॅक्टरच्या मागे बर्फ लोटायचं लोखंडी पातं लावायचे, आणि मान मागे वळवून चारशे मीटर उताराची वाट उलटा ट्रॅक्टर चालवत साफ करायचे. आम्ही तिथे राहायला गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी हे खिडकीतून पाहिलं. रात्रीतून जग पांढरंफटक झालेलं, कुठे रस्ता, कुठे खड्डा, काही कळायला मार्ग नाही, आणि हा म्हातारा हरभऱ्याएवढ्या चुकीलाही जागा न ठेवता उलटा निघालाय. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. चहा गार झाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं. दोन मणके स्क्रूने जोडून टाकले. डॉक्टर म्हणाले, सगळं करा, फक्त मागे वळून पाहणं आता विसरा. काका घरी आले, शेडच्या दारात उभे राहिले आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूकडे बराच वेळ बघत राहिले. ट्रॅक्टरला पुढे लोडर होता, म्हणजे शेण आणि गवताचे गठ्ठे उचलायचे दोन लांब लोखंडी हात. मागे बघता येत नसेल, तर पातं पुढे आणायचं. या लोडरच्या हातांवर बसवायचं.

मला हे कळलं आणि माझ्या अंगात संचारलं. मेकॅनिकल इंजिनिअर मी, पुण्यातून शिकून आलेला, दारात काम आलंय, मी गप्प बसेन? कारखान्यात माझं काम दारांच्या बिजागऱ्यांचं. एक दार लाखभर वेळा उघडायचं-मिटायचं आणि बिजागरी तुटत नाही ना हे बघायचं. तुटली तर मला रात्री झोप लागायची नाही. त्यामुळे मजबुतीच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायचं नाही, असा माझा समज होता. मी दोन शनिवार खर्ची घालून संगणकावर सुंदर आराखडा काढला. पातं लोडरला चार जाड पट्ट्यांनी असं जखडलं होतं, की हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही.

“तू प्रत्येक गोष्टीत हात घालायलाच हवा का रे?” बायको म्हणाली. “त्यांनी विचारलंय तुला?”

“मदत करतोय.”

“हेल्प आणि लुडबुड यात डिफरन्स असतो.”

काकांनी आराखडा दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून पाहिला, “झेअर शोन” म्हणाले, म्हणजे फार छान, आणि बियाणांच्या जुन्या कॅटलॉगांच्या खणात ठेवून दिला. मग खडूचा तुकडा घेऊन गुडघ्यांवर बसले आणि शेडच्या जमिनीवरच त्यांनी स्वतःचा आराखडा काढायला सुरुवात केली.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जे पाहिलं त्याने माझी शिक्षणाची घमेंड पाव-पाव करत उतरली. काकांनी पुठ्ठ्याचे साचे कापले, ते लोडरला लावून बघितले, पुन्हा कापले. मोजपट्टी क्वचितच हातात घेतली. अंगठ्याने चाचपायचे, एक डोळा मिटून बघायचे, “नाही” म्हणून दोन मिलिमीटर घासायचे. मी मागाहून मोजलं तर बरोबर. पातं त्यांनी लोडरला जखडलं नाहीच, साखळ्यांनी टांगलं. मी विचारलं, असं सैल का? तर म्हणाले, “जमीन सपाट आहे का? मग पातं कसं ताठ राहील? त्याला वाटेबरोबर वर-खाली होऊ दे.” इतकं साधं. माझ्या चार जाड पट्ट्यांनी पातं पहिल्याच उंचवट्यात रुतलं असतं. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. एवढं स्वच्छ डोकं मी फार थोड्या लोकांचं पाहिलंय.

साखळ्यांना टांगलेल्या चौकटीत पातं खाली बिजागरीवर होतं, आणि वर मधोमध एकच बोल्ट त्याला उभं धरून ठेवायचा. तो बोल्ट काकांनी खिशातून काढून स्वतःच्या हाताने घातला. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. ज्याला ते हेर इंजिनिअर म्हणत होते त्याला असली गोष्ट समजावणं त्यांना अपमानाचं वाटलं असणार. मीही विचारलं नाही.

आणि इथे खंडेनवमी आली.

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारं पुजल्याशिवाय माझे वडील पाणी पीत नसत. पान्यांपासून पाटावरवंट्यापर्यंत सगळं पुसून, हळदकुंकू लावून मांडायचं. परदेशात मी दरवर्षी लॅपटॉप आणि एक स्क्रूड्रायव्हर पुजून वेळ मारून नेत होतो. त्या वर्षी दारात एवढं देखणं अवजार तयार उभं होतं. मी काकांना विचारलं, पूजा करू का? त्यांनी पूजा म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, यंत्राचे आभार मानायचे आणि त्याला सांभाळून घे म्हणायचं. ते विचार करून म्हणाले, “हो. त्यात गैर काही नाही.” काकूंनी भाजीच्या वाफ्याकडेने झेंडू लावला होता, गोगलगायींनी भाजी सोडावी म्हणून. त्यातली टोपलीभर फुलं त्यांनी बायकोला दिली.

सकाळी मी एकटाच शेडमध्ये गेलो आणि पातं डिझेलच्या फडक्याने पुसायला घेतलं. पुसता पुसता तो मधला बोल्ट पुसायला म्हणून बाहेर काढला. शेडच्या दारात, उजेडात धरून पाहतो तर काय, बोल्ट मधोमध झिजलेला! गोल खाच पडलेली, नीट अर्ध्यापर्यंत. डोक्यावर ताकदीचा आकडा असतो, तोही अगदी खालच्या प्रतीचा. म्हटलं, एवढं अवाढव्य पातं, आणि त्याचा सगळा भार या मरतुकड्या बोल्टवर? काकांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, त्यांच्या लक्षात आलं नसणार.

शिवाय भंगलेली वस्तू पूजेत ठेवत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत. टवका गेलेला पाटासुद्धा आई बाजूला काढायची.

माझ्या पेटीत उत्तम प्रतीचे बोल्ट होते, दहा-नऊ आकड्याचे, चकचकीत. एक काढला. मापात बरोबर बसला. जुना बोल्ट भंगाराच्या डब्यात टाकला, नवा पान्याने मनापासून आवळला, त्याला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. कोणाला सांगितलं नाही. गुपचूप केलेल्या चांगल्या कामाचं एक वेगळंच सुख असतं, ते मी त्या सकाळी पोटभर घेतलं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो. शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली खुंटी, मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. ते त्या क्षणी आठवलं नाही ते नाहीच.

पूजेला काका डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. नारळ फोडला तेव्हा काका दचकले, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, की लिंबाचा नंतर काही उपयोग होतो का. कुंकू त्यांनी पुसू दिलं नाही. असू दे म्हणाले.

नोव्हेंबरात काकांनी वाटेच्या दोन्ही कडांना लाल-पिवळ्या काठ्या रोवल्या, बर्फात वाट कळावी म्हणून. मी हातोडी घेऊन बरोबर होतो. प्रत्येक काठीपाशी ते थांबायचे आणि सांगायचे: इथे दगड जरा वर आहे, इथे नासपतीचं मूळ, इथे नळाचं झाकण. चारशे मीटरमधला एकेक उंचवटा त्यांना पाठ होता. मी कारखान्यात भल्याभल्यांचं डोकं पाहिलंय, पण जमिनीशी असलेली अशी ओळख कुठे पाहिली नव्हती.

खरा बर्फ जानेवारीत आला. शुक्रवारी दुपारी सुरू झाला तो शनिवारी सकाळी दहाला थांबला. मी दार उघडलं आणि क्षणभर पायरीवरच उभा राहिलो. आवाज नाही. कुठलाच. पक्षी नाही, गाडी नाही. कुंपणाच्या प्रत्येक खांबावर पांढरी टोपी, आणि गुडघ्यापर्यंत बर्फ. भीतीही वाटत होती आणि डोळेही हटत नव्हते. वाट गायब झाली होती, फक्त काठ्यांची टोकं दिसत होती.

शनिवार. काकूंची टॅक्सी बाराला येणार होती.

काकांनी चाकांना साखळ्या चढवल्या, लोडर खाली घेतला आणि निघाले. मी मागून फावडं घेऊन. माझी बायको काकूंपाशी, अंगणात. पातं बर्फात शिरलं आणि बर्फ लाटेसारखा उलटून बाजूला पडत गेला. काका आता समोर बघत चालले होते, मान ताठ, हात हलके. साखळ्यांवर टांगलेलं पातं वाटेच्या अंगाअंगाने उतरत होतं, कुठे अडत नव्हतं, कुठे उचललं जात नव्हतं. अर्धी वाट अशी उलगडली. मला इतका आनंद झाला की मी मागे एकटाच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वळणावर मोरी होती, वाटेखालून पाणी जायची. तिच्या कडेचा दगड काकांना ठाऊक होता. पण मोरीतलं पाणी गोठलं होतं, आणि गोठताना त्याने तो दगड टीचभर वर उचलला होता. हे कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

मोठा आवाज झाला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, मागची चाकं घसरली, आणि सगळं धूड वाटेवर आडवं होऊन त्याचं नाक बांधात घुसलं. काका स्टीअरिंगवर छातीने आदळले. लोडरचा डावा हात कोपरातून मुरगळावा तसा वाकला होता. तेलाची नळी फुटून बर्फावर काळं तेल सांडत होतं.

मी धावलो. काका हळूहळू खाली उतरले, छातीवर हात धरून. आधी ते माझ्याकडे आलेच नाहीत. पात्याकडे गेले, मान वाकत नव्हती म्हणून कमरेतून वाकले, आणि मधल्या बोल्टवरचा बर्फ त्यांनी बोटाने पुसला. चकचकीत डोकं. त्यावर अजून थोडं कुंकू. बाकी सगळं वाकलं होतं, फाटलं होतं. तो बोल्ट मात्र जसाच्या तसा होता.

“हा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती खाच झिजेची नव्हती. कोणीतरी कानशीने पाडलेली होती. माहीत असलेल्या दगडांसाठी काठ्या होत्या. हा बोल्ट माहीत नसलेल्या दगडासाठी होता. पातं अडलं की त्याने टिक करून तुटायचं, पात्याने पुढे झुकायचं, बाकी सगळं वाचायचं.

“माझा,” मी म्हटलं. “पूजेच्या दिवशी बदलला. मला वाटलं खराब झालाय.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “आल्झो,” ते म्हणाले, म्हणजे ‘असं तर’, आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. “आणखी एक फावडं आणा.”

वाट ट्रॅक्टरनेच अडली होती, टॅक्सी वर येणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टरच्या पुढे दीडेकशे मीटर बर्फ तसाच पडलेला. मी आणि बायकोने तो उपसायला सुरुवात केली, माणूस चालेल एवढीच पट्टी. हात भरून आले. काय घडलंय ते बायकोला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. पाऊण तास झाला तरी पट्टी खालपर्यंत पोचेना. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि मग तोही बिचारा हातांनी बर्फ लोटत खालून वर यायला लागला.

काकू अंगणातून काठी टेकत आल्या. आडव्या ट्रॅक्टरपाशी थांबल्या. काका म्हणाले, “मी जोरात आणला. चूक माझी.” मी तोंड उघडलं, पण काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट लिहिताना त्या सुटकेची लाज अजून वाटते.

“डावा हात धरू नका,” काकू मला म्हणाल्या. डायलिसिसच्या सुया त्या हातात जायच्या, तो दाबून चालायचा नाही. मी उजवीकडून धरलं, बायकोने मागून कमरेला. दीडशे मीटर. काकू मधे मधे थांबायच्या, श्वास घ्यायच्या. एकदा थांबल्या तेव्हा समोरच्या डोंगराकडे बघून म्हणाल्या, “केवढं सुंदर आहे, नाही?” मी मान वर केली. खरंच होतं. पण मला रडू येत होतं. त्यांनी माझ्या दंडावर आपला सगळा भार टाकला होता, आणि तो सगळा भार एखाद्या उशीइतकाच होता.

टॅक्सीत बसल्या तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. संध्याकाळी त्या सुखरूप परत आल्या. त्यांना खुर्चीत बसवून झाल्यावर काकांनी मला सांगितलं, की छातीत दुखतंय, दवाखान्यात नेता का. दोन बरगड्यांना चीर पडली होती. दिवसभर त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यातले उरलेले दिवस खालच्या गावातला एक शेतकरी येऊन आमची वाट साफ करून जायचा. काका पडद्याआडून बघायचे. त्यांना ते फार लागलं होतं. वसंतात आम्ही दोघांनी लोडरचा हात कापून, सरळ करून पुन्हा जोडला. तो दहा-नऊचा बोल्ट त्यांनी पुसून मला परत दिला. “चांगला आहे,” म्हणाले. “दुसरीकडे कामाला येईल.” मी पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, “मी सांगायला हवं होतं,” आणि विषय मिटला. काकूंना मात्र मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो, रोज राहायचं.

पुढची खंडेनवमी आली. मी झेंडू मागायला खाली गेलो. काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लोखंडाचा कीस. डावा हात उशीवर अलगद ठेवलेला. टेबलाच्या कडेला लहानसा शेगडा, म्हणजे वस्तू पकडून ठेवायचा चिमटा, त्यात एक साधा बोल्ट, आणि उजव्या हाताने काकू गोल कानशीने त्याला खाच पाडत होत्या. बाजूला लोणच्याच्या बरणीत असे बरेच बोल्ट तयार होते.

मी दारातच थांबलो.

“हे तुम्ही करता?”

“लग्न झाल्यापासून,” त्या म्हणाल्या. “त्यांचा हात जड. ते नेहमी जास्त कापतात. कमी कापला तर तुटत नाही, जास्त कापला तर उगाच तुटतो.” आणि बोल्ट उजेडात धरून पाहिला, अगदी मी धरला होता तसाच.

मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जुना बोल्ट, भंगाराचा डबा, कुंकू. एका दमात, मोडक्या जर्मनमध्ये.

काकूंनी कानस खाली ठेवली. “मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “या खिडकीतूनच पाहिलं मी. तुम्ही माझा बोल्ट काढलात, नवा घातलात, त्याला लाल लावलंत. मला वाटलं, तेही प्रार्थनेतलंच असेल. प्रार्थना चालू असताना कोणी मधे बोलतं का? नंतर सांगू म्हटलं. मग राहून गेलं.” आणि पुढे म्हणाल्या, “त्यांच्या बरगड्या माझ्यामुळे मोडल्या. इतके महिने मला हे कोणाला सांगता आलं नाही.”

ज्या बाईचा जीव त्या वाटेवर टांगलेला होता, ती माझ्या पूजेचा मान राखून गप्प बसली होती. सगळं माहीत असताना त्या दिवशी तिने माझ्याच दंडावर भार टाकला होता. मी खाली वाकून त्यांना नमस्कार केला. पाया पडणं त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं माझं काही खाली पडलंय, आणि त्याही वाकून बघायला लागल्या.

त्या वर्षी पूजेच्या ताटात मधोमध काकूंनी खाच पाडलेला बोल्ट होता. काकूंनीच त्याला कुंकू लावलं, जरा जास्तच, आणि काकांनी तो पात्यात घातला.

बरगड्यांनंतर काकांना धक्के सोसवेनात, म्हणून त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर मी चालवायचो आणि ते काठी घेऊन कडेने चालायचे. डिसेंबरातला गुरुवार होता. मी मुद्दाम रजा घेतली होती. साडेअकराची वेळ, मी नुकता अंगणातून निघून पहिल्या वळणावर आलो होतो, आणि बर्फाखाली कशाला तरी पातं अडलं.

टिक. एवढाच आवाज, काडी मोडल्यासारखा. पातं पुढे झुकलं आणि नम्रपणे पडून राहिलं. ट्रॅक्टर हललासुद्धा नाही. माझी छाती, लोडरचे हात, चाकं, सगळं जागच्या जागी. मी खाली उतरलो. बर्फात चाचपून बोल्टचा तुकडा शोधला. बरोबर खाचेवर तुटला होता, सुरीने कापावा तसा. एवढीशी वस्तू, आणि कोणी तरी टेबलाशी बसून ठरवलं होतं की तिने कुठे आणि केव्हा तुटायचं. आणि ती तशीच तुटली होती. बर्फात गुडघ्यांवर बसून मी तो तुकडा बघत राहिलो. आयुष्यात अनेक मोठाली यंत्रं पाहिली, हात जोडावेसे वाटले ते तेव्हा.

वर अंगणाच्या फाटकाशी काकू उभ्या होत्या, कोट घालून, हातात डायलिसिसची पिशवी. ट्रॅक्टर थांबलेला बघून त्यांनी हाक मारली, “तुटला का?”

मी तुकडा हातात उंच धरला आणि ओरडलो, “तुटला!”

काकूंनी पिशवी खाली ठेवली, छातीवर हात ठेवला. “गॉट झाय डांक,” त्या म्हणाल्या. देवाची कृपा.

मी खिशातून दुसरा बोल्ट काढला, पातं उभं केलं, बोल्ट हातानेच आवळला आणि ट्रॅक्टरवर चढलो. बाराला टॅक्सी थेट दारात आली.